तेल गरम ठेवायचे आहे

९ जानेवारी
काय हा आळस! उन्हाळ्यानंतर वहीला हात लावला नाही, माफी असावी. काल हेलिकॉप्टरने मला या टँकरवर उतरवले. जहाज अलास्काच्या खडकावर चढून बसले आहे, भोवती बर्फ. तरी मन उल्हसित आहे. मी तपासनीस, आणि एफिम बॉयलर सांभाळतो. बर्फ फुटेपर्यंत टाकीतले तेल गरम ठेवायचे, नाहीतर ते गोठेल आणि उपसता येणार नाही. वाफेचा एकच नळ शाबूत आहे. टाकीतून फिरून तोच आमची खोली गरम करतो. एफिमने बजावले, "इन्स्पेक्टरबाई, मासे हवे तेवढे खा, पत्त्यांत लबाडी नको!"

१३ जानेवारी
एफिमच्या गावात वाफेच्या न्हाणीतून शेवटी निघणारा माणूस समुद्रात गेलेल्यांसाठी गरम पाणी ठेवतो. इथे तो ते टाकीच्या झाकणापाशी ठेवतो. अपघातात रोमुलो नावाचा खलाशी टाकीत पडला, देह मिळाला नाही. मी आधी हसले, मग खजील झाले. म्हणून आज पाणी मी ठेवले आणि म्हटले, रोमुलो, वर ये, शेक घे. एफिम पांढराफटक पडला. "पाणी ठेवायचं असतं, बाई! बोलवायचं नसतं!"

१४ जानेवारी
टाकीतल्या शिडीच्या मधल्या पायऱ्या तेलाने माखल्या आहेत. तेलाची पातळी तर बरीच खाली आहे. आधीपासूनच माखलेल्या असतील का? मी नीट पाहिले नव्हते, हेच खरे.

१६ जानेवारी
डाग आणखी वर आले. त्यांत बोटांचे ठसे आहेत. एफिमने वाफ बंद केली, तेव्हा ते थांबले. पण खोलीत पाणी गोठते. वादळ आहे, हेलिकॉप्टर येणार नाही, असे रेडिओवर कळले.

१८ जानेवारी
थंडीने एफिमची बोटे काळी पडली. वाफ सोडली तर रोमुलो वर चढेल. नाही सोडली, तर एफिम— बोलावले मी, आणि मरायचे त्याने? "सोडू नका" म्हणतो. दात वाजतात, शब्द नीट—

१९ जानेवारी
वाफ सोडली. एफिमने शिव्या घातल्या, मग हात नळाला लावून रडला. झाकणाला साखळी घातली आहे. पुरेल—

नाही पुरली.

तो खोलीत आला आहे. काही करत नाही. नळाला पाठ लावून बसला आहे, सगळी ऊब त्याच्याकडेच— एफिमला मी कुशीत घेतले आहे, तो हलत— दाराशी जायची वाट त्याच्या पायांवरून—

उद्या: रोमुलोला थोडे सरकायला सां—