गळतीच्या रकान्यात आई

तीर्थरूप गिरधरमामांना जळगावहून भाचा योगेंद्रचा साष्टांग नमस्कार. धुळ्यात ऊन कसं आहे? मामींचा गुडघा काय म्हणतो? आई तुमच्याकडे येऊन आठवडा होत आला, नीट जेवते ना? (माझ्याबद्दल काय बोलते ते विचारत नाही. अंदाज आहे.) तिची बाजू तुम्ही ऐकली असेलच, आता शास्त्राची ऐका.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी कॉलेजात मॅनेजमेंट शिकवतो आणि पीएचडी नावाचं दुखणं अंगावर काढतो आहे. विषय सिस्टिम डायनॅमिक्स. म्हणजे असं बघा, गच्चीवरच्या टाकीत एका नळाने पाणी येतं, दुसऱ्याने जातं. तशीच कुठल्याही संस्थेत आपुलकी येते नि जाते. हे कॉम्प्युटरवर मांडायचं, चालवून बघायचं आणि माणसं एकत्र काम का करतात याचा नवा सिद्धांत काढायचा. कारखानेवाल्यांनी मला दारातूनच वाटेला लावलं, तेव्हा उन्हाळ्यात पाळीपाळीने एकमेकींचे पापड लाटून देणाऱ्या आमच्या गल्लीतल्या बायका हीच संस्था म्हणून घेतली. ना मालक, ना पगार, ना हजेरी. जिचं तिने पोळपाट-लाटणं घेऊन यायचं. अभ्यासाला आणखी काय हवं!

आता आई लाटत नाही हे तुम्हीही मान्य कराल. ती खुर्चीत बसून कच्च्या लाट्या तेलात बुडवून खाते आणि धरणगावपासून भुसावळपर्यंतच्या सोयरिकी सांगते. बायकांचे हात थांबतात, हसण्यात वेळ जातो. मी प्रामाणिकपणे तिला गळतीच्या रकान्यात टाकलं. मॉडेल म्हणालं, ती नसेल तर पापड भराभर होतील. आनंदाच्या भरात मी लॅपटॉप घेऊन, त्या दिवशी लाटणं चाललं होतं त्या गच्चीवर गेलो आणि सगळ्या बायकांना आलेख दाखवला. (नाव झाकायला हवं होतं, हे नंतर सुचलं.) आईने चष्मा लावून पाहिलं. “मी गळती शे का? मंग मी जास मना भाऊना घर,” एवढंच म्हणाली आणि दुपारच्या एसटीने निघाली.

त्यानंतर शेजारच्या पुनमवहिनींकडे पाळी होती. बायका आल्या, मुकाट लाटायला बसल्या आणि थोड्याच वेळात एकेकीला घरी गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं. पुढच्या घरी तर कुणी फिरकलंच नाही. आता आमची पाळी. उडदाचं पीठ दळून आणलंय. मयुरी, म्हणजे तुमची भाचेसून, डबा माझ्यासमोर आणून आपटते. वर्षाचे पापड गेले, मामा! माझे गाईड मात्र बेहद्द खूश. मॉडेल चुकलं तिथेच सिद्धांत सापडला म्हणाले: जिथे पगार नाही, तिथे गप्पा हाच पगार. म्हणजे टाकी भरणारा नळ आईच होती. हे लिहिताना मला खरंच वाईट वाटलं. घर फार गप्प झालंय.

मामींना नमस्कार.

तुमचा,
योगेंद्र

ता. क. – आईला रविवारच्या एसटीत बसवून द्या. रकाना बदललाय म्हणून सांगा. ती माझा फोन उचलत नाही, तुमचं ऐकेल.

आणखी एक ता. क. – काल मयुरीने मॉडेलमधून आईच्या ऐवजी मला काढून पाहिलं. सगळ्याच रेषा वर गेल्या. बायकांनाही ते लगेच पटलं. मी घरात असेपर्यंत एकही आमच्या गच्चीवर पाय ठेवणार नाही. तेव्हा आई तिकडून निघाली की मी इकडून निघतो, पापड वाळेपर्यंत. तिचं अंथरूण गुंडाळू नका.