चुलीची जागा

रिहे, ता. मुळशी
१३ फेब्रुवारी १९६३

चि. चिंतामण यास अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे, असे लिहायची रीत आहे म्हणून लिहिले. वस्तुतः तुझ्या थोरल्या भावावर घोर अन्याय झाला आहे आणि दाद मागायला तुझ्याखेरीज दुसरे न्यायासन मला दिसत नाही. माझी खुंटी गेली.

ओसरीवरच्या दाराशेजारची. पौडच्या शाळेत संस्कृत शिकवायला लागलो तेव्हापासून टोपी, उपरणे, छत्री आणि पावसाळ्यात आपली भिजलेली अब्रू मी तिच्यावर टांगत आलो. तू मुंबईहून पाठवलेल्या सबनीसांनी ती उपटली. मी पूर्वपक्ष सविस्तर मांडला. "काका, भिंत मोकळी दिसली पाहिजे," एवढाच त्यांचा उत्तरपक्ष. आता टोपी कपाटात असते, कपाट आतल्या खोलीत असते आणि मी ओसरीवर बोडका असतो.

सबनीस गवंडी नव्हेत, सुतारही नव्हेत, हे गावाला समजावताना मी दमलो. शेजारचा कोंडिबा मुद्दाम बघायला आला.

"गुर्जी, हा बाबा सोता काय करतो?"

"कोणती वस्तू कुठे असावी, ते सांगतो."

"आन् त्याच्यापायी मुंबईस्नं आला? आमच्यात ते बायका सांगत्यात."

 

माणूस मात्र वाईट नाही, हे तुला लिहिले पाहिजे. हातोडी उचलण्याआधी तो घरात नुसता बसून राहिला. कोण कुठे टेकतो, ऊन कुठून येते, पाण्याची कळशी कुठून कुठे जाते, हे पाहत. तुझी वहिनी चुलीपुढून उठताना गुडघ्यावर हात देऊन उठते, हे त्याच्या नजरेला आले. म्हणून कोपऱ्यातली चूल फोडून त्याने खिडकीखाली उजेडात शहाबादी फरशीचा ओटा घातला. उभ्याने स्वयंपाक, वर स्टोव्ह, खाली डब्यांची कपाटे. तुझीही तीच इच्छा होती. तुम्हा दोघांचाही हेतू चांगलाच होता.

आधी त्याने तिला रीतसर विचारले, "काकू, तुम्हाला काय कुठं हवं?"

ती म्हणाली, "आहे तिथंच बरं आहे."

सबनीस हसले, मीही हसलो. आपल्याकडच्या बायका 'मला काही नको' म्हणतात, आणि आपण ती भीड समजून पुढे जातो. लुगड्याच्या बाबतीत ते बहुधा बरोबरही ठरते. त्या दिवशीही आम्ही तसेच पुढे गेलो.

ओटा देखणा झाला आहे. पण तुझी वहिनी सकाळी उठून जुन्या कोपऱ्यात जाते. तिथे आता काही नाही, नुसती फरशी. ती खाली बसते आणि फुंकणीसाठी डावीकडे हात नेते. पहिल्यांदा मी चेष्टा केली, "भूमातेची उपासना चालली आहे वाटतं?" तीही हसली, "मेली सवय जात नाही," म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मी चेष्टा करणे सोडले आणि तिने हसणे. मिठासाठी ती अजून जिथे फळी होती त्या भिंतीवर तळहात फिरवत उभी राहते.

भांडी घासायला येणाऱ्या गोजराबाईने मला परवा विहिरीवर गाठले. "गुर्जी, रागावू नका. बाई काल मला इचारत हुत्या, तू कुणाची गं? मी म्हनलं, थट्टा करत्यात. पर थट्टा न्हवती ती."

सबनीस राहिलेले काम बघायला आले, तेव्हा जेवायला थांबले. एका जेवणात तिने त्यांना त्यांचे गाव पुन्हा पुन्हा विचारले. प्रत्येक वेळी त्यांनी तितक्याच अदबीने सांगितले, "मालवण, काकू." हात धुताना मला हळूच म्हणाले, "काका, घर बदललं की सगळीच माणसं चुकतात. मग हातांना नवी जागा कळते. काकूंच्या हातांना ती कळत नाहीये. हे आधीपासून असणार. जुन्या घरात सगळं जागच्या जागी होतं, म्हणून तुम्हाला दिसलं नाही." मग हात पुसत म्हणाले, "मी चूल होती तिथं परत घालून देतो. माझं काम फसलं असं समजू."

मी म्हणालो, "बघू."

चिंतामण, या 'बघू'चा अर्थ तुला सांगायचा म्हणून मी खुंटीपासून इथवर आलो. ओटा आहे तोवर मला ओट्याला नावे ठेवता येतात. मुंबईच्या माणसाने आमचे घर बिघडवले, असे गावाला सांगता येते, तुझ्यावर रुसता येते. चूल परत घातली आणि तरीही ती कोपऱ्यात जाऊन नुसती बसून राहिली, तर मग मी कोणाला नावे ठेवू?

काल दुपारी शाळेतून चालत आलो आणि दमून सबनीसांच्या नव्या खुर्चीत बसलो. तिने गूळपाणी आणून ठेवले. पदर सावरून दाराआड झाली आणि म्हणाली, "बसा हं. ते पौडला गेलेत, येतीलच एवढ्यात."

मी बसलो. गुळाचा खडा तोंडात टाकला, पाणी प्यालो. पाहुण्याने करायचे ते सगळे केले. बऱ्याच वेळाने ती पुन्हा आली आणि म्हणाली, "अहो, आलात कधी? हाक तरी मारायची." मी म्हणालो, आत्ताच आलो.

सबनीसांना मी आज निरोप धाडला आहे, चूल घाला म्हणून. तू मे महिन्याची वाट पाहू नकोस, लगेच ये. पुण्याला डॉक्टरांकडे न्यायचे तर मला एकट्याला ते झेपणार नाही.

दर पत्राखाली तुझ्या वहिनीचे आशीर्वाद मी तिला विचारून लिहितो. आज विचारले नाही. चूल जागेवर येईल, आणि तरीही ती मला ओळखणार नाही, याची मला भीती वाटते.

तुझा दादा,
नरहरी