नदीकाठच्या वृंदावनांची नक्कल

॥ श्री ॥
पुणे, शनिवार पेठ
चैत्र वद्य ५, शके १७०६, क्रोधीनाम संवत्सरे

चि. श्रीनिवास यास दत्तोबाकाकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सागरहून तुझे पत्र जासुदाने आणून दिले. दहा वर्षांतले हे पाचवे. आधी म्हटले काय वाईट वार्ता असेल. उघडून पाहतो तर स्वारीला पूर्वजांची आठवण झालेली! दहिवलकर घराण्याची वंशावळ हवी, आणि आपल्या गेलेल्या माणसांची नदीकाठी जी वृंदावने बांधली आहेत, त्यांवरचे लेख जसेच्या तसे उतरवून हवेत. जिवंतांची चौकशी दीड ओळीत उरकलीस आणि मेलेल्यांना दोन पाने दिलीस. असो, कुणाची तरी आठवण झाली हेही नसे थोडके.

काम सुरू केले आहे. ओंकारेश्वराच्या खालच्या अंगाला आपली सहा वृंदावने होती, त्यातली चार उभी आहेत. एक गेल्या पुरात गेले. एकाचा दगड परटाने कपडे आपटायला नेला, तोही लेखाची बाजू वर करून. तुझ्या आजोबांच्या नावातली निम्मी अक्षरे परक्यांच्या धोतरांनी पुसून नेली आहेत. परटाला झापले, तर तो म्हणाला की इतकी वर्षे कोणी विचारायला आले नाही.

माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. पत्र सवयीने लिहितो, पण दगडावरचे झिजलेले अक्षर दिसत नाही. म्हणून तुझी बायको मैना बरोबर येते. ती दगड धुते, अक्षरांत राख भरते. मी बोटाने चाचपून अक्षर ओळखतो, आणि ती बोरूने ते जसे दिसते तसे कागदावर काढते. पेठेतल्या बायका नाके मुरडतात, म्हणे घरच्या सुनेला मसणवटीशेजारी कशाला नेता. मी म्हटले, घरचे पुरुष सागरास असतात.

तुझ्या आईच्या वृंदावनाची नक्कल सोबत आहे. तिथी मार्गशीर्ष शुद्ध १३, शके १७०३. ते वृंदावन मी बांधले, कारण तू तेव्हाही येणारच होतास.

मैनेला केव्हा नेतोस ते स्पष्ट लिही. ती चोवीस वर्षांची झाली. तुझ्याकडे उत्तरेस हिंदुस्थानात जाणारा कोणी भेटला की ती दाराआड उभी राहून ऐकते. लोभ आहेच, तुझी पत्रे येवोत न येवोत.

तुझा काका
दत्तोबा

॥ श्री ॥
सागर
ज्येष्ठ शुद्ध ३, शके १७०६

ती. काकांचे चरणी श्रीनिवासाचे कृतानेक सा. न. वि. वि.

आपले पत्र आणि नकला पावल्या. वाचून डोळे भरून आले. आपण या वयात नदीकाठी उन्हात बसता हे मनाला लागते. प्रकृतीस जपावे.

इकडे जो तो स्वतःला थोर घराण्यातला म्हणवतो, त्यामुळे लेखी पुरावा असल्याखेरीज कोणी विश्वास ठेवत नाही. आपल्याच ज्ञातीचे एक मातब्बर गृहस्थ येथे मोठ्या हुद्द्यावर आहेत, त्यांनी आपल्या नकला फार बारकाईने पाहिल्या. पणजोबांच्या समाधीवर ते लढाईत पडल्याचा काही उल्लेख आहे का, तो नीट पाहावा. अक्षरे झिजली असतील. जाणत्याने वाचले तर तेथे 'सरदार' असेही निघेल.

चि. सौ. मैनेस आशीर्वाद. तिला आणायचे मनात आहेच, पण वाटेत पेंढाऱ्यांचा उपद्रव, येथला उन्हाळा, घरही धड नाही. दसऱ्यानंतर बघू. आपल्यासाठी एक शाल पाठवली आहे. कृपा आहेच, ती वाढती ठेवावी.

आपला
श्रीनिवास

॥ श्री ॥
पुणे
आषाढ शुद्ध ११, शके १७०६

चि. श्रीनिवास यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

शाल पावली. पुण्यात आषाढात शाल पांघरतात असे तिकडे कोणी सांगितले?

तुझे पणजोबा पागेकडे कारकून होते आणि पोटदुखीने गेले. दगडावर 'कारकून' स्वच्छ आहे. मी कितीही जाणतेपणाने बोट फिरवले तरी त्यातून सरदार निघत नाही. आणि हे मी वाचले नाही, मैनेने वाचले. होय, तिला वाचता येऊ लागले आहे. रोज तीच अक्षरे चाचपून आणि काढून तिने ती स्वतःच ओळखीची करून घेतली. परवा माझ्या आधी तिने अख्खी ओळ म्हटली आणि मागाहून घाबरून माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, अग वाच, दगड काही ओरडत नाही. आता ती दुसऱ्यांची वृंदावनेही वाचते. कोणाची सून, कोणाची लेक, कोण कितव्या वर्षी गेले, सगळे तिला तोंडपाठ. घरी येऊन भाजी चिरता चिरता मला ऐकवते. गेल्या दहा वर्षांत एवढी बोललेली मी ऐकली नव्हती.

आता एक सरळ विचारतो. सागरहून आलेला एक भिक्षुक म्हणत होता की त्या मातब्बर गृहस्थांना उपवर मुलगी आहे. पणजोबांचा दगड इतक्या बारकाईने पाहणाऱ्या माणसाला आपल्याकडून काय हवे आहे? आणि मैना घरात असताना तुला त्यांच्याकडून काय हवे आहे? आडपडदा न ठेवता लिही. मी तुला अंगाखांद्यावर खेळवले आहे, तुझे गुळमुळीत बोलणे मला कळते. लोभ ठेवतोच आहे, तो टिकवणे तुझ्या हाती.

दत्तोबा

॥ श्री ॥
सागर
भाद्रपद शुद्ध ९, शके १७०६

ती. काकांचे चरणी कृतानेक सा. न. वि. वि.

आपणांपासून काय लपवावे? भिक्षुक म्हणाला ते खरे आहे. त्या गृहस्थांची कन्या मला द्यावी असे त्यांच्या मनात आहे. माझे येथले सारे पुढचे त्यांच्या हाती आहे. मात्र मुलगी सवतीवर द्यायची नाही, हा त्यांचा हट्ट. बोलण्याच्या ओघात माझ्या तोंडून निघून गेले की पहिले कुटुंब देवीच्या साथीत निवर्तले. आई गेली त्या वेळी घरात देवी आल्या होत्या, म्हणून तेच सुचले. एकदा निघालेला शब्द परत कसा घ्यावा?

आता ते म्हणतात, आईच्या वृंदावनाची नक्कल आली, मग कुटुंबाची का नाही? म्हणून विनंती. आईच्या वृंदावनाशेजारी एक लहानसा दगड बसवावा. तिथी मार्गशीर्ष शुद्ध ११, शके १७०३ अशी मी सांगून बसलो आहे, तीच घालावी. त्याची नक्कल इतरांबरोबर पाठवावी. दगड पाहायला कोण पुण्यास येतो? मैनेला आपल्या घरी अन्नवस्त्राला जन्मभर काही कमी पडू देणार नाही, हे वचन देतो. तिला यातले काही सांगू नये, आणि तिने यापुढे नदीवर जाऊ नये हे बरे.

आपणांस हे जड वाटत असेल तर माझा बालमित्र अनंत तेथे आहे, त्यासही लिहून ठेवले आहे. आपण रागावाल, पण मला टाकणार नाही, या भरवशावर लिहिले. लेकरू समजून पदरात घ्यावे.

श्रीनिवास

॥ श्री ॥
पुणे
आश्विन शुद्ध ५, शके १७०६

श्रीनिवास यास,

वर आशीर्वाद लिहायला हात गेला, तो मागे घेतला.

अरे, बायको नको होती तर नको म्हणायचे होतेस. लोक दोन बायका करतात, तीन करतात. निर्लज्जपणे करतात, पण पहिलीला जाळून मोकळे होत नाहीत. तू जिवंत बाईच्या नावाचा दगड मागतोस, तोही मला मागतोस, आणि वर तिच्या अन्नवस्त्राचे वचन मलाच देतोस! मेलेल्या माणसाला लुगडी कसली पुरवतोस?

मी दगड बसवणार नाही. वंशावळही पाठवणार नाही. मैनेला मात्र यातले काही सांगितले नाही, आणि ते तुझ्या सांगण्यावरून नव्हे. माझी जीभ रेटत नाही. ती रोज विचारते, तिकडून पत्र आले का? मी नाही म्हणतो. साठी उलटल्यावर तुझ्यापायी खोटे बोलायला शिकलो.

त्या गृहस्थांना खरे सांग आणि ही सोयरीक मोड. तोवर मला लिहू नकोस. लोभाचा विषय आता काढू नये.

दत्तोबा

॥ श्री ॥
पुणे, शनिवार पेठ
मार्गशीर्ष वद्य ४, शके १७०६

आपले चरणी मैनेचा नमस्कार.

हे माझे पहिलेच पत्र. मोडी मला येत नाही, दगडावर मोडी नसते, म्हणून बाळबोधात लिहिते आहे. मायना काय लिहावा ते काकांना विचारले. ते म्हणाले, अशा पत्राचा मायना त्यांनाही ठाऊक नाही. ते शेजारी बसले आहेत. एकही अक्षर सांगत नाहीत, नुसते डोळे पुसतात.

सासूबाईंची तिथी होती म्हणून त्रयोदशीला फुले घेऊन नदीवर गेले. त्यांच्या वृंदावनाला लागून नवा दगड दिसला. टाकीचे घाव अजून पांढरे होते. कोण बरे गेले असेल म्हणून वाकून वाचायला लागले. एकाही अक्षराला अडले नाही. वाचून झाल्यावर दगडाला डोके टेकून त्याच अक्षरांवरून बोट फिरवत राहिले. धुणे धुणाऱ्या बायका धावल्या, त्यांना वाटले मला घेरी आली. अनंतरावांनी आपले काम चोख केले आहे, अक्षर फार सुरेख कोरले आहे. घरी येऊन काकांपुढे उभी राहिले, तेव्हा त्यांनी आपली सगळी पत्रे माझ्यापुढे ठेवून वाचून दाखवली. त्यांच्यावर माझा राग नाही.

आपल्यावर आहे. आपण ज्या एकादशीला मला मारले, त्या दिवशी मी सासूबाईंच्या उशाशी होते. त्यांच्या अंगावर कडुलिंबाचा डहाळा फिरवत होते. अंगभर फोड होते, कूस बदलता येत नव्हती. द्वादशीला त्या दिवसभर दाराकडे पाहत होत्या. प्रत्येक पावलाला विचारत, श्रीनिवास आला का? मी म्हणत होते, निघाले आहेत, वाटेत आहेत. त्रयोदशीला त्यांच्या तोंडात गंगा मी घातली. मी दोन दिवस आधीच गेले होते, तर ते पाणी कोणी घातले, एवढे आपल्या वंशावळीत लिहा.

दहा वर्षे मी वाट पाहिली. काकांनी पत्र वाचले की माझे नाव कुठे आहे ते ऐकायची. आशीर्वादापुरते असायचे, तेवढ्यावर वर्ष काढायची. आता नाव कोरून मिळाले. पेठेत सगळ्यांना कळले आहे. शेजारणींना हळदीकुंकवाला बोलवावे की नाही हे समजत नाही, त्या मला पाहून आत जातात. मला मरण आले असते तर एकदाच आले असते. हे रोज दारात उभे राहते.

आपल्या होणाऱ्या सासऱ्यांना नक्कल हवी होती. ती मी काढली. बायकोने नवऱ्याचे नाव घेऊ नये, मी उखाण्याखेरीज कधी घेतले नाही. पण लेखात आहे तसे उतरवणे भाग होते, म्हणून लिहिले आहे. एक प्रत आपणांस पाठवते. दुसरी, दगड कसा बसला ते लिहून, काकांच्या पत्रासह त्यांना पाठवली आहे. जासुदाला काकांनी बजावले आहे की आधी त्यांचे घर, मग आपले. हे पत्र आपल्या हाती पडेल तेव्हा त्यांचे वाचून झालेले असेल.

शेवटी लोभ मागायचा असतो. मला तो मागवत नाही.

नक्कल येणेप्रमाणे:

'शके १७०३ प्लवनाम संवत्सरे मार्गशीर्ष शुद्ध ११ ते दिवशी श्रीनिवास रघुनाथ दहिवलकर यांची स्त्री मैनाबाई कैलासवासी जाली.'

हा लेख मी स्वतः जाऊन पाहिला, धुतला, वाचला आणि माझ्या हाताने उतरवला. अक्षराचा फरक नाही.

मैनाबाई,
श्रीनिवास रघुनाथ दहिवलकर यांची स्त्री