सत्तेचाळीस सोयाबीन, तूर शून्य

शनिवार, दिनांक २० ऑगस्ट २००५ रोजी, सकाळच्या शाळेत, दहा वाजून पाच मिनिटांनी सातवीतल्या सीमाने तेलाचा जुना डबा टेबलावर उपडा केला, आणि त्याच मिनिटाला माझं आजवरचं आयुष्य संपलं. शरीर चालू आहे. त्यामुळे हे मृत्युपत्र मला स्वतःच्या हाताने लिहिता येत आहे.

मी, शिवहार रामकिशन गडदे, वय बावीस, धंदा आधी शिक्षण (बी.ए. दुसरं वर्ष, अर्धवट), नंतर आंदोलन, सध्या काही नाही, राहणार मौजे धामणदरा, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली, असं लिहून ठेवतो की मी शुद्धीत आहे आणि नशापाणी केलेलं नाही. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. सत्तेचाळीस जणांचा ठराव तेवढा आहे, पण ते सगळे पहिली ते सातवीतले आहेत. मरण कधी येईल ते सांगता येत नाही, जीप मात्र साडेनऊला येते. म्हणून हा कागद मी मेल्यावर नव्हे, आज जीप सुटल्यावर अमलात यावा.

आई कौशल्याबाई उंबऱ्यात बसून विचारते, "मेल्यावर वाचतेत तो कागद तू जित्तेपणी काहून लिहून राहिला?"

"माय, मधे बोलू नको. कायद्याचं काम आहे."

"कायदा राहू दे. दाराचं काय ठरलं तेवढं लिही. शेळ्या आत शिरतेत."

दाराचं शेवटच्या कलमात येईल.

कलम पहिले. सात शेळ्या आणि एक बोकड मूळचे आईचेच आहेत. ते मी आईला देतो, म्हणजे काहीच देत नाही. वडील मेंढरं घेऊन वाशिमकडे गेले आहेत. ते आल्यावर त्यांना हा कागद वाचून दाखवावा, रागाचे शब्द गाळून. ते गाळल्यावर जे उरेल ते थोडंच असेल, एका बैठकीत होईल.

कलम दुसरे. माझा पांढरा शर्ट. हा कलमाचा विषय का झाला ते सांगणं भाग आहे. सन १९९५, तेव्हा आमचा जिल्हा परभणी. मी सातवीत. शाळेत मंत्रिमंडळाची निवडणूक झाली आणि हात वर करून एकतीस विरुद्ध बारा मतांनी मी मुख्यमंत्री झालो. मुख्याध्यापक अमृतराव सरांनी हात मोजले, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "पांढरा सदरा आहे का रे?" पंधरा ऑगस्टला तहसीलदार येणार होते आणि त्यांना हार मुख्यमंत्री घालणार होता. सदरा नव्हता. सरांनी रजिस्टरात बारा मतांच्या पोराचं नाव लिहिलं आणि खाली 'निवड एकमताने' असा शेरा मारला. मला पाणीमंत्री केलं. वर्षभर मी हापशावरून घागरी आणून शाळेचा रांजण भरला. राग येतो येतो म्हणतात तो मला तेव्हा जो आला, तो दहा वर्षं परत गेलेला नाही. अमृतराव सर मात्र दोन बदल्या भोगून पुन्हा याच शाळेत आले.

सदर शर्ट मी कॉलेजसाठी शिवून घेतला होता. तो शाळेला देतो. निवडून आलेल्या मुख्यमंत्र्याकडे सदरा नसेल तर त्याने हा घालावा. मुलीनेही घालावा. अंगात ढगळ झाला तर तहसीलदारांनी समजून घ्यावं.

कलम तिसरे. अकरा निवेदनं, पोहोचीसह. मी गावात हेच सांगत आलो की विद्यार्थ्यांच्या हक्कासाठी मी कॉलेज सोडलं. मृत्युपत्रात खोटं लिहू नये म्हणून दुरुस्ती करतो. सन २००३ च्या पोळ्याला मी घरी आलो. शाळेत नव्या शिक्षणसेविका रुजू झाल्या होत्या, जान्हवी देव, वसमतच्या. लेकरांना पटांगणात गोल बसवून त्या पाढे गाऊन घेत होत्या. मी कुंपणाबाहेर उभा होतो. एकोणतीसचा पाढा संपला तेव्हा माझी हिंगोलीची जीप निघून गेली होती. पुढच्या कुठल्याच जीपमध्ये मी बसलो नाही.

गाव शिक्षण समितीत विद्यार्थ्यांना दोन खुर्च्या आणि मताचा अधिकार मिळावा, ही माझी मागणी खरी होती आणि आहे. पण निवेदन शाळेत द्यावं लागतं, आवक-जावक जान्हवी मॅडमकडे आहे आणि पोहोच म्हणून त्या सही देतात. एका निवेदनात मावेल ती गोष्ट मी अकरा निवेदनांत काहून लिहिली, याचं उत्तर त्यातच आलं. वाचनालय, कर्णा, सहलीचं ठिकाण, अशा मागण्या आठवतील तशा वाढवत गेलो. अकरावी पोहोच देताना त्या म्हणाल्या, "अहो गडदे, निवेदनं अकरा झाली आणि मुलं सत्तेचाळीस आहेत. त्यातल्या एकाला तरी विचारलंत का?"

मी म्हणालो, "मी त्यांचाच आवाज आहे मॅडम."

"बरं," म्हणाल्या, आणि सही केली.

ही अकरा निवेदनं आईने चुलीला लावू नयेत. माळ्यावर ठेवावीत. जान्हवी मॅडमना मी काही देत नाही. जे होतं ते त्यांच्याकडे आधीच जमा आहे. त्याची पोहोच मिळालेली नाही.

कलम चौथे. 'आमरण उपोषण' असं लिहिलेला पाच हात कापडी फलक. यंदा समितीने ठरवलं की आलेल्या निधीतून शाळेला कमान बांधायची. लेकरांना विचारलं नाही म्हणून माझं डोकं फिरलं. "विद्यार्थ्यांच्या वतीने सोमवारपासून आमरण उपोषण," असं मी पारावर जाहीर केलं. माझा मित्र प्रेमसिंग, तांड्यावरचा, स्वतःची जीप चालवतो, तो म्हणाला, "तुला दुपारी दोनला खायला न्हाई भेटलं तर तू बसवाल्याशी भांडतो. आमरण कशाला, आदुपारण लिही."

शनिवारी मला शाळेत बोलावणं आलं. मंत्रिमंडळाची सभा होती. मुख्यमंत्री सीमा उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, तुमी आमच्या नावानं उपाशी बसनार. मंग आमाला मत देऊ द्याल का न्हाई?"

दाण्यांनी मतदान ही माझीच युक्ती, पाचव्या निवेदनातली. पहिलीतल्या लेकराला लिहिता येत नाही, आणि हात वर करायला लावले तर सर ज्याच्याकडे पाहतात त्याचा हात खाली येतो. म्हणून होयला तूर, नाहीला सोयाबीन, आणि झाकणाला भोक पाडलेला डबा. सरांनी ती युक्ती आयतीच वापरली. प्रश्न असा होता: 'शिवहारदादाने आमच्या नावाने उपोषण करावे काय?' दाणे घरून आणायला सांगितले होते. डबा उपडा झाला. चव्वेचाळीस सोयाबीन, तीन तूर.

मी टेबलावर हात आपटला. "हे बाद आहे! घरून आणायला सांगितल्यावर कोणती माय पोराच्या हातात तूर देईल? तूर वरणाला लागते. सोयाबीन कुणी शिजवतं का? पोरांच्या खिशात नाहीचेच दाणे होते!"

अमृतराव सर पहिल्यांदाच माझ्या बाजूने बोलले. "मुद्दा बराबर आहे याचा."

सीमाने दप्तर बंद केलं. "मंग पुन्हा घेऊ."

खिचडीच्या कोठीतून तूर आणली, प्रेमसिंगच्या जीपमधल्या पोत्यातून सोयाबीन. प्रत्येकाच्या एका मुठीत एक तूर, दुसऱ्या मुठीत एक सोयाबीन. मी स्वतः रांगेजवळ उभं राहून मुठी तपासल्या. पुन्हा डबा उपडा झाला, वर लिहिलेल्या दहा वाजून पाच मिनिटांनी. सत्तेचाळीस सोयाबीन. आधीचे तीन होय ज्यांचे होते, त्यांच्या घरी सोयाबीन संपलेलं होतं.

मी सीमाला विचारलं, "काहून गं? मी तुमच्यासाठीच लढतो ना?"

"लढता ना दादा. पण अकरा कागदांत दार न्हाई."

"कसलं दार?"

"पोरींच्या संडासाला दार न्हाई. एक आत जाती, दुसरी गोणपाट धरून बाहेर उभी राहती. तुमी कर्णा मागितला, सहल मागितली. दार कुनीच न्हाई मागितलं. इचारलं असतं तर सांगितलं असतं."

जान्हवी मॅडम खिडकीबाहेर पाहत होत्या. तेवढे उपकार त्यांनी केले.

मग सीमाने दुसरा ठराव मांडला: दादाने कॉलेज पुरं करावं. पुन्हा डबा, पुन्हा दाणे. या वेळी सत्तेचाळीस तुरी. हा ठराव मी झुगारला, तर दहा वर्षांपूर्वी रजिस्टरात 'एकमताने' लिहिणारे अमृतराव सर आणि मी, दोघांत फरक राहत नाही. झुगारला नाही, तर मॅडम इथे आणि मी हिंगोलीला. दोन रात्री झोप नाही. तरी लिहितो की ठराव मला मान्य आहे.

त्याच शनिवारी सायंकाळी समितीची बैठक झाली. माझ्या अकरा निवेदनांनी जे झालं नाही ते एका डब्याने झालं. समितीत विद्यार्थ्यांना दोन खुर्च्या मिळाल्या, मतासकट. "ही लेकरं हरलेल्यालाबी पुन्हा मोजून देतेत," अमृतराव सर म्हणाले, "मोठ्यांत मी हे न्हाई पाहिलं." कमान मागे पडली, दार मंजूर झालं. पण मंजूर झालेलं दार यायला, कागदावर तरी, तीन महिने आहेत.

फलकाचं कापड आईने कालच गोधडीच्या आत घातलं. 'आमरण' हा शब्द पायाकडे आला आहे. ते कलम निकाली.

कलम पाचवे. सायकल सीमाला. सातवीनंतर शाळा गोरेगावला आहे. "पायी जाती पोरगी, मंग बंद करू," असं तिच्या घरी कुणी म्हटलं, तर त्यांनी आधी हे कलम वाचावं.

कलम सहावे व शेवटचे. ही खोली आणि तिचं दार. मी दहावीत असताना वडिलांनी शेळ्यांच्या वाड्याला लागून ही खोली बांधली आणि गोरेगावच्या सुताराकडून कडुनिंबाचं दार करून आणलं. "पोरगं शिकतंय, दार पाहिजे," म्हणाले. त्या दाराआड मी शिकलो थोडं आणि निवेदनं लिहिली फार. काल सीमा दोरी घेऊन आली आणि माप घेऊन गेली. चार बोटं तासलं की बसतं. खोली आईला. दार पोरींना.

हे ऐकता ऐकता आईने उंबऱ्याशी आलेली शेळी हाकलली. मग म्हणाली, "त्यांचं गोणपाट इकडं मागून घे. शेळ्याला गोणपाट चालतंय. पोरीला न्हाई."

साक्षीदार. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं सेनगावला दस्त लिहिणारे सांगतात. म्हणून अमृतराव सरांना काही न देण्याला कायद्याचाच आधार सापडला. प्रेमसिंगची नजर माझ्या घड्याळावर होती. तो साक्षीदार आहे, तेव्हा घड्याळ माझ्याच हातात राहील. सर सही करायला घरी आले, कलम दुसरे दोनदा वाचलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "त्या वर्षी पाणी एक दिवस कमी पडलं न्हाई शिवहार. हे माझ्या नावासमोर लिही." लिहिलं.

साक्षीदार १: अमृतराव सर, मुख्याध्यापक (पाणी कमी पडलं नाही).
साक्षीदार २: प्रेमसिंग, जीपवाला (घड्याळाविषयी नाराज).
लिहून देणार: शिवहार रामकिशन गडदे.
स्थळ: धामणदरा. दिनांक: २२ ऑगस्ट २००५, सोमवार, उपोषणाचा पहिला दिवस झाला असता तो.

साडेनऊ झाले. हॉर्न वाजून राहिला. संध्याकाळी परतल्यावर प्रेमसिंग बिजागऱ्या खोलणार आहे. कागद कोनाड्यात ठेवतो, पेन खिशात घालतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो. नीट लागतं.