नऊ इंचांची फळी

प्रिय मामू,

सलाम. आज मशीद कमिटीचे सदरसाहेब घरी येऊन गेले. रमजानआधी मिनाराला चुना द्यायचा आहे, आणि तुम्ही गेल्यावर हे काम माझंच, असं त्यांनी धरूनच ठेवलंय. मी हो म्हणालो. तेव्हापासून भीती वाटतेय, म्हणून लिहितोय. आपण घरात बोलायचो ती बोली मला लिहिता येत नाही. नववीपर्यंत मराठी शाळेत गेलो, तेवढंच नीट येतं.

आठवतं? कामावर निघण्याआधी तुम्ही अंगणात फळी टाकून मला तिच्यावरून चालायला लावायचात. एकदाही पाय घसरला नाही. मग तीच फळी मिनाराभोवतीच्या बांबूंच्या परांचीवर बांधली, आणि माझे गुडघे थरथरायला लागले. मी खिशातून टेप काढून वरच तिची रुंदी मोजली. नऊ इंच. खाली होती तेवढीच.

तुम्ही पोट धरून हसलात. बोदवड स्टेशनसमोरच्या चहावाल्यालाही सांगितलंत, की माझा भाचा आधी मोजतो, मग घाबरतो. ते सांगायची काय गरज होती, मामू?

खाली आल्यावर मात्र समजावलंत. फळीचा हा दाखला जुन्या इस्लामी हकिमांचा, विचारवंतांचा, तुम्ही लहानपणी मदरशात ऐकलेला. अक्कल सांगते, फळी तेवढीच आहे. खयाल, म्हणजे कल्पना, मात्र पडण्याचं चित्र काढतो. आणि अंग अकलेचं ऐकत नाही, चित्राचं ऐकतं.

मी वैतागून विचारलं, मग हा खयाल माणसाला दिलाच कशाला?

तुम्ही हाताचा चुना पुसत म्हणालात, “डोळ्यांसमोरून नाहीशी झालेली वस्तू तोच सांभाळतो, बेटा. उद्या मी नसलो तर माझा चेहरा कुठे ठेवशील? अकलेत?”

त्या दिवशी मी पुन्हा वर चढलो नाही. दोघांचं काम तुम्ही एकट्याने उरकलंत, खोकत खोकत. त्याची माफी मी मागितलीच नाही.

तुम्ही कधी फोटो काढू दिला नाहीत. तरी डोळे मिटले की दिसता, भुवईवरच्या चुन्यासकट. आणि तिथेच, तुमच्या शेजारी, पडण्याचं चित्रही दिसतं. एक ठेवून दुसरं काढून टाकता येत नाही. फार दमलोय मी, मामू.

शुक्रवारची नमाज झाली की परांची बांधीन. फळीच्या दुसऱ्या टोकाला तुम्हाला उभं करीन आणि तुमच्याकडे बघत चालेन. गुडघे थरथरले तर थरथरू देत. टेप घरीच ठेवीन.

तुमचा भाचा,
रईस