आबांची गाडी आणि तिला ढकलणारा

देवळाली प्रवरा,
सोमवार

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी बिभीषणचा दंडवत.

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत आणि तिकडे शिर्डीत तुम्हीही मजेत असाल असं धरून चालतो. वहिनींच्या गुडघ्याला उतार पडला का? तुमची शुगर काय म्हणते? (नागापूरच्या मैदानावर आयोजकांच्या टेबलापाशी पेढे खाताना दिसलात, म्हणून विचारलं.) माझी चौकशी तुम्ही करणारच, तर आधीच सांगतो की कंबर धरली आहे आणि उजव्या खांद्याला जया रोज तेल चोळते. चोळताना ती तुमचं नाव घेऊन जे बोलते ते लिहीत नाही, तुम्ही वडीलधारे आहात. या काळात पत्र कसलं लिहितो म्हणाल, पण फोन केला की तुम्ही मीटिंगमध्ये असता आणि मेसेज केला की नुसता अंगठा पाठवता. पत्राला अंगठा पाठवायची सोय अजून निघालेली नाही.

जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा तो मेळावा झकास झाला, यात वाद नाही. आपली काळी अँबॅसिडर टेम्पोवर चढवून मी नागापूरला आणली (मागे तिच्याशेजारी उभा राहून, दोरी धरून, नगर-मनमाड रस्त्याचा एकेक खड्डा मोजत), आणि तुम्ही शिर्डीहून एसीतून, डोक्याला ती साहेबी टोपी घालून आलात. काय एकेक गाड्या होत्या, दादा! फियाटी होत्या, ताडपत्रीच्या जीपा होत्या, आरशात भांग पाडावा अशी पॉलिश केलेली एक परदेशी गाडी होती. आणि प्रत्येक गाडीभोवती माणसं जमून आठवणी सांगत होती. एका म्हाताऱ्या डॉक्टरांचं लग्न म्हणे त्यांच्या फियाटच्या मागच्या सीटवर जमलं. एकजण दार उघडून लावून आवाज ऐकवत होता, की बघा कसं धप्पकन लागतं, आताची दारं बिस्किटाच्या डब्यासारखी वाजतात. एका गृहस्थांनी आपल्या गाडीचा स्टिअरिंगपाशी असलेला गिअर हातात धरला आणि ते रडूच लागले. मलाही भरून आलं. पण मग लक्षात आलं की एवढ्या गर्दीत मीच एकटा असा, ज्याच्याजवळ आपल्या गाडीची आतली आठवण नाही. माझ्या सगळ्या आठवणी डिकीच्या बाजूच्या आहेत.

तुम्ही विसरला असाल (विसरलातच, स्टेजवर त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत), म्हणून लिहितो. आबा कारखान्याचे संचालक झाले आणि गाडी घरी आली. पण आबांचं म्हणणं असं, की ट्रॅक्टर कमावतो आणि गाडी मिरवते. त्यामुळे नवी बॅटरी आणली की ती ट्रॅक्टरला, आणि ट्रॅक्टरची जीव गेलेली बॅटरी गाडीला. त्या बिचारीला जन्मात स्वतःची बॅटरी मिळाली नाही. गाडीचा यात काडीचाही दोष नव्हता, पण ती कायम धक्क्यावर. पुढे आबा, शेजारी तुम्ही, मागे आई आणि पाहुणे, आणि सगळ्यांच्या मागे मी. आबांनी खिडकीतून हात काढून दारावर दोन थापा मारल्या की मी खांदा लावायचा. एकदा सुरू झाली की थांबायचं नाही, कारण थांबली तर बंद पडणार. म्हणून ती मला न घेताच जायची. आबा मान बाहेर काढून ओरडायचे, "ये रं मागनं!" आणि मी यायचो. कधी सायकलवर, कधी कुणाच्या बैलगाडीत. तुमच्या लग्नात नवरदेवाची गाडी मीच ढकलली, नवाकोरा सफारी घालून. कोल्हारला पोचलो तर अक्षता पडून गेल्या होत्या आणि शेवटच्या पंगतीत बुंदी संपली होती. तुमच्या अल्बममध्ये मी कुठेही नाही. वहिनी अजून विचारतात, "भावजी, तुमी त्या दिशी कुठं गेल्ते वो?"

तरी मला ती गाडी आवडते, दादा. सरळच लिहितो. आबा गेल्यावर तुम्ही शिर्डीला हॉटेल काढलंत आणि गाडी शेडमध्ये माझ्याजवळ राहिली. दर दसऱ्याला मी तिला धुतो, झेंडूचा हार घालतो, आपट्याचं पान बॉनेटवर ठेवतो आणि मग थोडा वेळ आबांच्या जागी बसून स्टिअरिंग धरतो. गाडी बंदच असते. जया दारातून बघते आणि म्हणते, "कुठवर आलं गाव?" मी म्हणतो, येतंच आहे.

आता स्टेजचं. माईकवाल्या त्या निकिता नावाच्या मुलीने तुम्हाला विचारलं, सर, इतकी सुंदर गाडी सांभाळतं कोण? मी खाली दोरीपाशी, हातात फडकं घेऊन उभा होतो. फडकं खिशात कोंबलं, सदरा खाली ओढला आणि जरा ताठ झालो. आणि तुम्ही म्हणालात, "गावाकडं एक माणूस ठेवलाय, तो बघतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादा, मला फार लागलं. जया इतकं बोलते, पण तिचंही बोलणं मला कधी इतकं लागलेलं नाही.

घाईत तोंडातून निघून गेलं असेल, अशी मनाची समजूत घालतोय तोवर मिरवणूक निघाली आणि पाहुण्यांच्या मांडवापुढे आपली गाडी अर्थातच मुकी झाली. तुम्ही खिडकीतून हात बाहेर काढलात आणि दारावर दोन थापा मारल्यात. अगदी आबांसारख्या. मी ठरवलं होतं की आज जागचा हलणार नाही. पण ते माझ्या खांद्याला सांगायचं राहिलं, तो आपोआप जाऊन डिकीला लागला. (तेवढ्यात एक फोटोवाला ओरडला, "काका, बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय!" काळजी नको, त्या फोटोतही मी नसणार.) गाडी सुरू झाली. थांबता येत नव्हतं, म्हणून प्रमुख पाहुण्यांनी शेजारून धावत धावत आपल्या गाडीच्या बक्षिसाचा चषक खिडकीतून आत दिला, आणि तुम्ही हात हलवत फाटकाबाहेर गेलात. मला वाटलं, एक चक्कर मारून याल. मांडव सोडायला माणसं आली तरी मी उभाच होतो.

एसटीने आलो. कंडक्टरने माझे हात बघून विचारलं, "गॅरेजवर हायसा का?" मी म्हणालो, व्हय, ठेवलेला माणूस हाय. राहुरी फॅक्टरीला उतरलो तेव्हा कळलं की तुम्ही आपल्याच फाट्यावरून पुढे शिर्डीला गेलात. संध्याकाळी फोनवर म्हणालात, "थांबलो असतो तर बंद पडली असती." खरं आहे.

आता गाडी तुमच्या हॉटेलात काचेच्या आत उभी आहे, भक्तमंडळी तिच्यापुढे सेल्फी काढतात, आणि तुम्ही तिच्यासमोर घराण्याच्या नावाची पितळी पाटी लावणार आहात, असं कानावर आलं. चांगलं केलंत. तिथे ती सुरू व्हायची गरज नाही, म्हणजे माझीही नाही. गाडी खुशाल ठेवा. मी मागणार नाही, रुसणार नाही, चारचौघांत बोलणार नाही. शेडमध्ये जया कांदे भरायचं म्हणते. जुना पत्रा तो, त्यात जीव कशाला अडकवायचा? मला खरंच काही नको.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
बिभीषण

ता. क. : मागच्या सीटवर जयाचा स्टीलचा डबा राहिला आहे, तो पाठवून द्या. आत मेथीची भाजी होती. पाहुण्यांना वास आला तर त्यांनी तो घराण्याचा समजू नये.

ता. क. दुसरा : पाटीवर आबांचं नाव घाला, तुमचं घाला. माझं मुळीच घालू नका. मला असली हौस नाही.

ता. क. तिसरा : जया म्हणते, घालायला सांगा. बारीक अक्षरात चालेल, खाली कोपऱ्यात चालेल. गाडी सांभाळली वगैरे काही लिहायला नको, फक्त नावाआधी 'धाकटा भाऊ' एवढं असावं. (जया सकाळपासून रानात गेली आहे. हे मीच म्हणतोय.)