फोन खाली का ठेवलास?

८ नोव्हेंबर

प्रिय बारके,

गुरुवारी, ६ नोव्हेंबरला, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, मी दातांच्या डॉक्टरसमोर आ वासून बसले असताना माझ्या घरात सुतार शिरला. तुझ्या सांगण्यावरून! वेळ समोरच्या शिंपीणबाईंनी सांगितली. त्यांना घड्याळ आणि दुसऱ्यांची दारं, दोन्हींकडे बघत बसायची सवय आहे.

काल सुखरूप पोचलीस ना? गुडघा कसा आहे? बरं. आता ऐक.

परत आले तर जिन्यालगत भिंतीला लाकडी कठडा ठोकलेला. गालिचा गुंडाळून माळ्यावर. माझ्या सपाता, तळ गुळगुळीत झाला म्हणून, कचऱ्यात! वर तूच म्हणतेस, "ताई, ओरडायचं तर बसून ओरड, उभ्याने तोल जाईल." आठ दिवसांची पाहुणी म्हणून राग गिळला.

कॉन्व्हेंट शाळेत आपल्या मदर काय सांगायच्या, विसरलीस? "शहाण्या मुली कठडा धरत नाहीत. पाठ ताठ, नजर समोर." डोक्यावर पुस्तक ठेवून तीन मजले उतरवायच्या. तुझं पुस्तक रोज पडायचं, माझं एकदाही नाही. तेव्हापासून मी कुठल्या कठड्याला हात लावलेला नाही.

हेही माफ केलं असतं. पण फोन? इतकी वर्षं उंच कपाटावर असलेला फोन तू जमिनीलगतच्या बुटक्या स्टुलावर ठेवलास. मी दोनदा वर ठेवला, तू दोनदा खाली ठेवलास. तेव्हाच ओळखलं, तुला कळलंय.

तर लिहूनच टाकते. माझ्या दंडावरचा काळानिळा डाग, तुला सांगितलं तसा, कपाटाच्या दाराचा नव्हता. तू येण्याच्या दहा दिवस आधी गालिच्याच्या दुमडलेल्या कडेत पाय अडकून मी आडवी झाले. दोन तास फरशीवर होते. फोन दिसत होता, हात पोचत नव्हता. शेवटी बूड घासत खुर्चीपर्यंत गेले, तिला धरून उठले आणि आधी केस विंचरले.

तुला सांगितलं असतं तर मला सामानासकट उचलून नेलं असतंस. तुझं घर छान आहे गं. पण ते तुझं आहे.

काल तू गेल्यावर कठडा धरून जिना उतरले. मदर वरून बघत असतील तर बघोत. त्यांना कुठे आता जिने उतरायचेत!

न्हाणीघरातही एक दांडा हवा. सुताराला तूच सांग, मी त्याच्याशी भांडून बसलेय. सपाता खरखरीत तळाच्या पाठव, माप तुला ठाऊक आहे. आणि मला या घरातून हलवणार नाहीस, हे स्वच्छ अक्षरात लिहून दे. उत्तर शनिवारी, १५ तारखेला, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात हवं. लेखीच. फोनवर तू रडतेस, आणि मग मलाही सुचत नाही.

तोवर फोन खालीच ठेवते.

कठडा धरून चालणारी,
तुझी ताई